ई-पुस्तकाचे दार : स्वतः लिहिण्याच्या आणि स्वतः विकण्याच्या स्वातंत्र्याचा इतिहास (धागा)

१/
जुलै २००९. अमेरिकेतील काही वाचकांनी आपले किंडल उघडले, तेव्हा विकत घेतलेले एक पुस्तक त्यावरून नाहीसे झाले होते. पैसे परत आले होते, पण पुस्तक गेले होते. ते पुस्तक होते जॉर्ज ऑरवेलचे ‘१९८४’. गैरसोयीचा मजकूर कायमचा नष्ट करणाऱ्या राजवटीची कथा सांगणारी हीच कादंबरी अशा रीतीने पुसली जावी, याची चर्चा जगभर झाली.

२/
त्या चर्चेत एक गोष्ट मागे पडली. ती प्रत कोणा नामांकित प्रकाशकाने दुकानात ठेवलेली नव्हती. कोणीही आपले पुस्तक स्वतः चढवून विकू शकेल, अशा सर्वांसाठी खुल्या असलेल्या दारातून ती आत आली होती. या धाग्यात त्या दाराचा इतिहास पाहू : ते कसे उघडले, कोणासाठी उघडले, मराठीला तिथे पोहोचायला उशीर का झाला, आणि त्याची किल्ली कोणाकडे राहिली.

३/
आधी जुने दार. छापील पुस्तकाच्या काळात लेखक आणि वाचक यांच्यामध्ये कागद, खिळे, जुळारी, छापखाना, बांधणी आणि विक्रेता एवढे सगळे उभे असे. यातल्या प्रत्येकाला पैसे आगाऊ लागत. म्हणून एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखक आश्रयदाता शोधी, वर्गणीदार जमवी, सरकारी बक्षिसासाठी अर्ज करी किंवा सरळ पदरमोड करी.

४/
यातले काहीच जमले नाही तर काय होई, याचे ठळक उदाहरण जोतीराव फुले यांचे. ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्यांनी १८५५ साली लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. ते छापून वाचकांपुढे यायला १९७९ साल उजाडावे लागले. पुढे १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’चेही काही भाग ‘दीनबंधु’त आले आणि मग छपाई थांबली, संपूर्ण ग्रंथ त्यांच्या हयातीत निघू शकला नाही.

५/
लेखकाच्या मजकुरावर दुसऱ्याचा हात असतो, तेव्हा मजकूर वाचकांपर्यंत पोहोचेल की नाही हे तो दुसरा ठरवतो. ई-पुस्तकाने हे बदलण्याचे आश्वासन दिले. ते कितपत पाळले गेले, हे पाहण्यासाठी १९७१ पासून सुरुवात करू.

६/
४ जुलै १९७१. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील मायकेल हार्ट या विद्यार्थ्याला तेथील झेरॉक्स सिग्मा ५ या मोठ्या संगणकावर भरपूर वेळ वापरायला मिळाला होता. त्याने अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यावर टंकित केला आणि इतरांना तो उतरवून घेता येईल असे कळवले. सगळी अक्षरे रोमन लिपीतील मोठी होती. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’चा आरंभ येथून मानला जातो.

७/
हार्टची कल्पना साधी होती. एकदा टंकलेला मजकूर कितीही वेळा, जवळजवळ फुकट, नकलता येतो. छापील पुस्तकात हजारावी प्रतही कागद खाते. इथे खर्च पहिल्या प्रतीचाच. पुढचा सगळा इतिहास या एका हिशेबावर उभा आहे. मात्र हार्टने पुस्तके विकली नाहीत, वाटली. आणि तीही मुख्यतः मालकी हक्क संपलेल्या जुन्या लेखकांची.

८/
आणखी एक मर्यादा होती, जी आपल्याला थेट भिडते. तेव्हाचा संगणक ‘आस्की’ या संकेतनावर चालत असे. त्यात एकूण १२८ जागा. इंग्रजी मुळाक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या आज्ञा एवढ्यात ती भरून जात. ‘क’ला तिथे जागाच नव्हती. म्हणजे ई-पुस्तक जन्मले तेव्हा मराठी लेखकापुढचा पहिला अडसर प्रकाशकाचा नव्हता, अक्षराचाच होता.

९/
हा अडसर काढण्याचे काम आपल्याकडेही झाले. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जे तंत्र घडले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण संकेतन १९९१ साली भारतीय मानक म्हणून ठरले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या आधीच्या मसुद्यावरच बेतलेली होती.

१०/
प्रमाण ठरले, पण व्यवहार वेगळ्याच वाटेने गेला. नव्वदच्या दशकात मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा संचांवर होऊ लागली. त्यांचे फाँट एक युक्ती करीत : संगणकाला रोमन अक्षर दिसे, पडद्यावर मात्र त्या जागी देवनागरीचा तुकडा उमटे. फाँट बदलला की त्याच मजकुराची निरर्थक चिन्हांची रांग होई. छापील पानासाठी हे पुरेसे होते, कारण पान छापून झाले की फाइलचे काम संपे.

११/
ई-पुस्तकासाठी मात्र ते घातक ठरले. ई-पुस्तकात फाइल हेच पुस्तक. वाचक अक्षर मोठे करणार, शब्द शोधणार, वेगळ्या यंत्रावर उघडणार. मजकूर आतून रोमन असेल तर यातले काहीच साधत नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली, तरी पुस्तके ज्या पेजमेकरमध्ये लावली जात त्याला युनिकोड देवनागरी समजत नव्हती. म्हणून हजारो मराठी पुस्तकांच्या फाइली जुन्याच फाँटांत अडकून राहिल्या.

१२/
इंग्रजीला ही अडचण नव्हती, त्यामुळे विक्रीचा पहिला मोठा प्रयोग तिथे झाला. १४ मार्च २००० रोजी स्टीफन किंगची ‘रायडिंग द बुलेट’ ही दीर्घकथा फक्त ई-पुस्तक म्हणून प्रसिद्ध झाली. किंमत २.५० डॉलर; काही दुकानांनी ती फुकटच दिली. पहिल्या २४ तासांत चार लाखांवर प्रती उतरवल्या गेल्याची नोंद आहे. मागणीने यंत्रणा कोलमडली, आणि काही दिवसांतच कथेचे कुलूपही कोणीतरी फोडले.

१३/
त्या वेळी प्रकाशक होता. चार महिन्यांनी किंगने तोही दूर केला. २४ जुलै २००० पासून ‘द प्लांट’ ही कादंबरी त्याने आपल्या संकेतस्थळावर हप्त्याहप्त्याने देण्यास आरंभ केला. कुलूप नाही, सक्ती नाही. आधी वाचा, मग एक डॉलर द्या. अट एकच : उतरवून घेणाऱ्यांपैकी ७५ टक्के वाचकांनी पैसे दिले तरच पुढचा भाग येईल.

१४/
पहिल्या हप्त्याला सुमारे ७६ टक्क्यांनी पैसे दिले. पुढे हप्त्याची किंमत दोन डॉलर झाली आणि चौथ्या भागापर्यंत पैसे देणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्याही खाली घसरले. सहाव्या भागानंतर, डिसेंबर २००० मध्ये, किंगने काम थांबवले. कादंबरी आजही अपूर्ण आहे. वृत्तपत्रांनी प्रयोग फसल्याचे लिहिले. किंगने मात्र जमाखर्च जाहीर केला आणि निव्वळ नफा साडेचार लाख डॉलरांहून अधिक निघाला.

१५/
यातून दोन धडे निघाले. लेखक वाचकाला थेट विकू शकतो, हा पहिला. पण त्यासाठी लेखकाचे नाव स्टीफन किंग असावे लागते, हा दुसरा. अनोळखी लेखकाच्या संकेतस्थळावर कोण येणार? वाचक जिथे आधीच गर्दी करून आहे असा बाजार, तिथे पैसे घेण्याची सोपी सोय, आणि डोळ्यांना न शिणवणारे यंत्र या तीन गोष्टी अजून एकत्र आल्या नव्हत्या.

१६/
यंत्राचे प्रयत्न १९९८ च्या ‘रॉकेट ई-बुक’पासून चालू होते. कागदासारखा दिसणारा ई-इंकचा पडदा २००४ साली सोनीने जपानमध्ये वाचनयंत्रात आणला. सप्टेंबर २००७ मध्ये ‘ईपब’ हे सर्वांना खुले असलेले स्वरूप प्रमाण ठरले. आणि १९ नोव्हेंबर २००७ रोजी ॲमेझॉनने किंडल बाजारात आणले. किंमत ३९९ डॉलर. पहिला साठा साडेपाच तासांत संपला.

१७/
किंडलबरोबरच आणखी एक सोय सुरू झाली, जिची तेव्हा फारशी बातमी झाली नाही. लेखकाने आपली फाइल आणि मुखपृष्ठ चढवावे, किंमत ठरवावी, थोड्या वेळात पुस्तक दुकानात दिसेल. हीच पुढे ‘किंडल डायरेक्ट पब्लिशिंग’ झाली. संपादक नाही, कमिटी नाही, वर्गणीदार नाहीत. त्या वेळी लेखकाचा वाटा ३५ टक्के होता.

१८/
आता आरंभीच्या घटनेकडे वळू. ‘१९८४’ याच सोयीतून आले होते. ऑरवेल १९५० साली वारला. लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क ठेवणाऱ्या देशांत त्याची पुस्तके २००९ पर्यंत मुक्त झाली होती. अमेरिकेत झाली नव्हती. पुस्तक चढवणाऱ्याकडे अमेरिकेतील हक्क नव्हते. हक्कदारांची तक्रार येताच ॲमेझॉनने विकलेल्या प्रती वाचकांच्या यंत्रांवरून दुरूनच काढून टाकल्या.

१९/
मिशिगनमधील एका विद्यार्थ्याने त्या प्रतीवर शाळेसाठी टिपणे केली होती. पुस्तक गेल्यावर त्या टिपणांना अर्थ उरला नाही आणि प्रकरण न्यायालयात गेले. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. पण जे कळायचे ते कळले होते. वाचकाने विकत घेतला होता तो वाचण्याचा परवाना. छापील प्रत कपाटातून काढून न्यायला विक्रेत्याला घरात शिरावे लागते. इथे तशी गरज नव्हती.

२०/
(थोडे विषयांतर, पण मराठी स्वप्रकाशकाच्या कामाचे. भारतात लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. साने गुरुजीही १९५० सालीच गेले. म्हणजे ऑरवेल आणि ‘श्यामची आई’ भारतात एकाच दिवशी, १ जानेवारी २०११ रोजी, मुक्त झाले. जुने पुस्तक चढवण्याआधी हा हिशेब प्रत्येक देशाच्या कायद्याप्रमाणे करावा लागतो. आणि भाषांतर असेल तर भाषांतरकाराच्या निधनाचे वर्षही पाहावे लागते.)

२१/
२०१० साली मोठी उलथापालथ झाली. ॲपलचा आयपॅड येऊ घातला होता आणि त्याच्या दुकानात ७० टक्के वाटा पुस्तकवाल्याला मिळणार होता. ॲमेझॉननेही लेखकाचा वाटा ७० टक्के केला, पण अटींसह : किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या दरम्यान हवी आणि फाइल पोहोचवण्याचा खर्च तिच्या आकाराप्रमाणे कापला जाईल. या चौकटीबाहेर जुनाच ३५ टक्क्यांचा दर.

२२/
हा हिशेब नीट पाहावा. ९९ सेंटच्या पुस्तकावर लेखकाला सुमारे ३५ सेंट, २.९९ च्या पुस्तकावर सुमारे २.०९ डॉलर, म्हणजे सहापट. ९.९९ ला जवळजवळ ७ डॉलर मिळतात. तेवढेच पुन्हा मिळायला किंमत थेट २० डॉलरपर्यंत न्यावी लागते. किंमत लेखकाने ठरवायची खरी, पण शहाणा लेखक ती कुठे ठेवील हे दुकानाने आधीच ठरवून ठेवले होते. चित्रे असलेल्या जड फाइलींना तर वेगळाच भुर्दंड.

२३/
तरीही छापील व्यवहारातील रॉयल्टीच्या तुलनेत ७० टक्के हा आकडा लेखकांना स्वप्नवत वाटला, आणि काहींचे आयुष्य खरोखर बदलले. मिनेसोटातील ॲमंडा हॉकिंग हिची हस्तलिखिते प्रकाशकांकडून परत येत होती. एका प्रदर्शनाला जाण्यापुरते ३०० डॉलर मिळावेत म्हणून तिने एप्रिल २०१० मध्ये आपल्या कादंबऱ्या किंडलवर ठेवल्या. वर्षभरात दहा लाखांवर प्रती खपल्या.

२४/
मार्च २०११ मध्ये सेंट मार्टिन्स प्रेसने तिच्याशी चार पुस्तकांचा २० लाख डॉलरांचा करार केला. म्हणजे जुन्या दारातून नाकारलेली लेखिका नव्या दारातून गाजली आणि मग जुन्या दाराने तिला सन्मानाने बोलावले. तिने तो करार का केला? मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, पत्रव्यवहार, हिशेब यात लिहायला वेळ उरेना, असे तिचे म्हणणे होते. स्वप्रकाशनात प्रकाशक नाहीसा होत नाही. त्याचे काम लेखकाच्या टेबलावर येऊन पडते.

२५/
अँडी वीअर याने ‘द मार्शियन’ आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने फुकट दिली होती. वाचकच चुका दाखवीत, विज्ञानाचे हिशेब तपासून देत. किंडलवर वाचायला मिळावी असे त्यांनीच म्हटले, म्हणून २०११ मध्ये त्याने ती तिथल्या किमान किमतीला, ९९ सेंटला ठेवली. तीन महिन्यांत ३५ हजार प्रती गेल्या. २०१४ ला छापील आवृत्ती, २०१५ ला चित्रपट. फुकट मिळणारी गोष्ट लोकांनी विकत का घेतली? कारण ती त्यांच्या वाचनयंत्रावर अलगद येत होती.

२६/
ह्यू हाउई याची ‘वूल’ २०११ साली आली. प्रकाशक दारी आले तेव्हा त्याने ई-पुस्तकाचे हक्क द्यायला नकार दिला. अखेर २०१२ साली सायमन अँड शुस्टरने त्याच्याकडून फक्त छापील आवृत्तीचे हक्क घेतले. पुस्तकाचे हक्क वेगवेगळे करून विकता येतात आणि ई-हक्क हा त्यातला मौल्यवान भाग आहे, हे या कराराने लेखकांना दाखवून दिले. करारावर सही करणाऱ्या मराठी लेखकानेही ते कलम वाचावे.

२७/
दार सर्वांना उघडे, म्हणजे लबाडीलाही उघडे. किंडलवर दहा लाख प्रती विकणारा पहिला स्वप्रकाशित लेखक म्हणून जॉन लॉकचे नाव २०११ मध्ये झाले. पुढच्याच वर्षी त्याने पैसे देऊन शेकडो परीक्षणे लिहवून घेतल्याचे बाहेर आले. संपादकाची निवड गेली, तेव्हा तिची जागा तारकांनी आणि यादीतील क्रमांकाने घेतली. आणि क्रमांक विकत घेता येतो.

२८/
२०१४ साली ‘किंडल अनलिमिटेड’ आले : वाचकाने महिन्याचे पैसे द्यावेत, हवे तेवढे वाचावे. जुलै २०१५ पासून लेखकाला पैसे मिळू लागले ते वाचलेल्या पानांवर. लगेच काहींनी भलीमोठी निरर्थक पुस्तके चढवून पहिल्याच पानावर शेवटी नेणारी कळ ठेवली. वाचक शेवटच्या पानावर पोहोचला की सगळी पाने वाचल्याचे मोजले जाई. पैसे एकाच सामाईक निधीतून वाटले जात असल्याने तोटा प्रामाणिक लेखकांचा होई.

२९/
सप्टेंबर २०२३ मध्ये तर ॲमेझॉनला एका खात्यावरून दिवसाला तीनपेक्षा अधिक नवी पुस्तके चढवता येणार नाहीत, असा नियम करावा लागला. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर असल्यास तसे कळवण्याची अटही आली. दिवसाला तीन ही मर्यादा वाचून आपल्याला हसू येते. पण ती घालावी लागली, यावरून दारातली रेटारेटी कळते.

३०/
मराठीसाठी हे दार कधी उघडले? भारतात किंडलचे दुकान ऑगस्ट २०१२ मध्ये सुरू झाले, ते इंग्रजीपुरते. १ डिसेंबर २०१६ रोजी त्यात हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमबरोबर मराठी पुस्तके आली. इंग्रजी लेखकापेक्षा मराठी लेखक नऊ वर्षे मागे. पण मराठी वाचक हातावर हात ठेवून बसला नव्हता. ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या मंडळींनी त्याआधीच शेकडो मराठी पुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य घरोघरी पोहोचवली होती; बुकगंगाने मराठी ई-पुस्तकांचे दुकान थाटले होते; २०१४ नंतर ‘प्रतिलिपी’वर लोक मोबाइलवरच लिहू-वाचू लागले होते.

३१/
पुस्तक तयार करण्याच्या वाटेवर मराठीचे खास खाचखळगे आहेत. ईपब म्हणजे आतून एक छोटे संकेतस्थळच : प्रकरणे, अनुक्रमणिका, मुखपृष्ठ आणि पुस्तकाची माहिती यांची एकत्र बांधलेली पुरचुंडी. मजकूर पडद्याप्रमाणे वाहतो, म्हणून पानाचा क्रमांक स्थिर नसतो. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे तुटतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो, ‘दुसऱ्या’तला ऱ्य बिघडतो. यंत्राने रूपांतर झाले तरी ओळ न् ओळ पुन्हा वाचावीच लागते.

३२/
‘ॲ’चे उदाहरण घ्या. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले २००८ साली. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवीत, आणि अजूनही अनेक कळफलक तसेच लिहितात. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात. संगणकाला ती वेगळी. पुस्तकाच्या नावात एक रूप आणि शोधणाऱ्याच्या बोटात दुसरे, तर पुस्तक दुकानात असूनही सापडत नाही. जोतीरावांना कमिटी आडवी आली. आजच्या लेखकाला एखादे अक्षरही आडवे येऊ शकते.

३३/
सरकारच्या दृष्टीने पुस्तक म्हणजे काय, हाही प्रश्न आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर १८ टक्के होता. जुलै २०१८ मध्ये तो ५ टक्के झाला. पण त्या अधिसूचनेतील व्याख्या अशी की ई-पुस्तक म्हणजे ‘छापील पुस्तकाची’ इलेक्ट्रॉनिक आवृत्ती. मग जे कधी छापलेच नाही, थेट पडद्यावर जन्मले, त्याचे काय? त्या व्याख्येत ते बसत नाही. स्वप्रकाशित लेखकाचे पुस्तक बहुतेक वेळा नेमके असेच असते.

३४/
आता इतिहासाच्या विद्यार्थ्याला सर्वांत सलणारी गोष्ट. १८६७ साली इंग्रज सरकारने छापखाने आणि पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा केला. हेतू पाळत ठेवण्याचाही होता. पण त्यामुळे प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत सरकारकडे जाई आणि दर तिमाहीला यादी निघे : नाव, भाषा, लेखक, मुद्रक, पाने, प्रतींची संख्या, किंमत. चार आण्यांची पोथी असो की दोन पैशांचे चोपडे, नोंद होई. एकोणिसाव्या शतकात मराठीत काय काय छापले गेले हे आज आपल्याला कळते, ते मोठ्या प्रमाणात या याद्यांमुळे.

३५/
स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत चार ग्रंथालयांना देणे बंधनकारक केले : कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, तसेच मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ग्रंथालये. पण त्या कायद्यातही पुस्तक म्हणजे छापलेले किंवा शिळाछाप असलेले. ई-पुस्तक तिथे पोहोचत नाही. दुकानाने काढले, लेखकाचे खाते बंद झाले, लेखकाचा संगणक बिघडला, की त्या पुस्तकाचा मागमूस राहत नाही.

३६/
म्हणजे हिशेब असा. १८८३ साली जोतीरावांना ग्रंथ छापणे अवघड होते, पण जे छापले ते टिकले. आज प्रसिद्ध करणे एका दुपारचे काम झाले आहे, आणि टिकण्याची हमी कोणीच देत नाही. प्रसिद्ध करण्याचा अधिकार लेखकाला मिळाला. दुकान, किमतीची चौकट, वाचकांची यादी आणि प्रत पुसण्याची कळ ही मात्र दुसऱ्याकडे राहिली.

३७/
म्हणून दार नाकारावे असे नाही. ज्याला कोणी छापले नसते अशा असंख्य लेखकांना त्याने वाचक मिळवून दिले. हॉकिंग आणि वीअर ही त्यातली फक्त माहितीची नावे. ज्या बोलीला, ज्या विषयाला मराठी बाजारात हजार प्रतींची खात्री नाही, त्याला तर दुसरा मार्गच नाही. इतिहास इतकेच सांगतो की दुकानाला कपाट समजू नये.

३८/
स्वतःचे ई-पुस्तक काढणाऱ्यांसाठी या इतिहासातून निघणाऱ्या चार गोष्टी :
• मूळ मजकूर युनिकोडमध्ये आणि ईपब स्वरूपात स्वतःजवळ, एकापेक्षा अधिक ठिकाणी ठेवा.
• हक्क कोणाचे, कोणत्या देशात, हे आधी तपासा. एकाच दुकानाला बांधून घेणारी अट सही करण्यापूर्वी वाचा.
• आयएसबीएन घ्या. राजा राममोहन रॉय संस्थेच्या नावाने चालणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेकडून तो लेखकालाही विनामूल्य मिळतो.
• जमल्यास थोड्या का होईना, छापील प्रती काढा आणि त्यातल्या ग्रंथालयांना पोहोचवा.

३९/
शेवटी वाचकांना एक विनंती. २००० ते २०१६ या काळात मराठीत ज्यांनी सीडीवर, पीडीएफमध्ये, स्वतःच्या संकेतस्थळावर पुस्तके काढली, त्यांतली अनेक आज कुठेच सापडत नाहीत. तुमच्या जुन्या संगणकात, कपाटातल्या एखाद्या चकतीवर अशी फाइल असेल, तर ती उघडते का पाहा. उघडत नसेल तर कोणत्या फाँटमध्ये होती ते आठवून लिहून ठेवा. लेखक हयात असतील तर त्यांना कळवा. ‘तृतीय रत्न’ १९७९ साली छापता आले, कारण तोवर कोणीतरी त्याचे हस्तलिखित जपून ठेवले होते.

४०/
धागा येथे पूर्ण होतो. काही तपशील चुकला असल्यास पुराव्यासह जरूर सांगावे. दुरुस्ती याच धाग्याखाली जोडेन.